नरारा पाहायचे तर तिथी बघून निघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीनंतर आपल्याकडून द्वारका-सोमनाथच्या सहली सुरू होतील. जामनगर-द्वारका रस्त्यावरून वाडीनारच्या बाजूला वळले की नरारा लागते. 1982 साली घोषित झालेल्या कच्छच्या आखातातील सागरी राष्ट्रीय उद्यानाचा हा भाग. प्रवाळ पाहायला इथे बोट लागत नाही, पाण्यात बुडी मारावी लागत नाही. ओहोटीला तळ उघडा पडतो आणि त्यावरून चालत जाता येते. मात्र सहलीच्या कार्यक्रमात नाश्ता-जेवणाच्या सोयीने इथली वेळ ठरवली, तर भरतीचे गढूळ पाणी बघून परतावे लागते.

अमावास्या-पौर्णिमा आणि नंतरचे तीन-चार दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी सर्वांत मागे हटते. अष्टमी ते दशमी भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी. ओहोटी होते, पण प्रवाळाचा बराच भाग पाण्याखालीच राहतो. कोकणातला तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी) इथे अंदाजापुरताच घ्यावा, कारण पाणी आखातात आत शिरायला वेळ घेते. म्हणून आखाताच्या तोंडाशी असलेल्या ओखा बंदराची वेळही चालत नाही, वाडीनारची बघावी. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते.

पूर्ण ओहोटी दहाला असेल, तर आठला चालायला लागावे आणि साडेदहाला पाठ फिरवावी. पाणी वळल्यावर पहिला तास संथ वाटतो, लोक त्यालाच फसतात. सर्वाधिक पाणी तिसऱ्या-चौथ्या तासात चढते, आणि किनाऱ्यालगतचे सखल चर पाठीमागे आधीच भरलेले असतात.

चपला नकोत. चिखल त्या ओढून घेतो आणि कालवांच्या कडा तळवा कापतात. जुने कॅनव्हासचे बूट उत्तम. गुडघ्याखालच्या पाण्यात पाऊल उचलून टाकू नये, घासत न्यावे, म्हणजे वाळूत दडलेले पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निसटते. पाय वाळूवर ठेवावा. गोल, मेंदूसारख्या घड्या असलेला ‘दगड’ हा जिवंत प्रवाळ असतो. उलटलेला दगड होता तसाच ठेवावा, नाहीतर खालचे जीव उन्हात वाळतात. सावली कुठेही नाही, पाणी सोबत हवे.

वन खात्याची परवानगी आणि स्थानिक वाटाड्या घ्यावाच. ऑक्टोपस, समुद्रफुले त्याच्याच नजरेला आधी पडतात. पण केंड मासा हातात धरून फुगवून दाखवू नका, असे त्याला आधीच सांगावे. पाण्यात केंड पाणी पिऊन फुगतो आणि ते सोडून देतो. बाहेर काढल्यावर पोटात हवा भरते, ती त्याला सहज सोडता येत नाही, मग उलटा तरंगत राहतो आणि मरतो. फोटोची मागणी पर्यटकच करतात, वाटाड्याला काय दोष द्यायचा? शंख-शिंपले, प्रवाळाचा तुकडा उचलणे हा तर कायद्याने गुन्हा आहे.

सहल आयोजकांना एक विनंती. नरारा द्वारकेला जातानाही लागते आणि येतानाही. ओहोटीची वेळ पाहून दोन्हींपैकी एक फेरी निवडावी आणि ती वेळ कार्यक्रमपत्रिकेत छापावी.

– एक वाचक, रत्नागिरी