येल्काचा कुंचला

प्रिय नंदू,

कलावंताच्या घरात दोघांपैकी एकाला आपला रियाज सोडावाच लागतो, असं तू मागे ठासून म्हणाली होतीस. तेव्हा मी भांडले होते. काल रात्री 'साँग ऑफ समर' बघितलं आणि ते भांडण पुन्हा उकरून काढावंसं वाटलं.

केन रसेलने १९६८ मध्ये बीबीसीसाठी केलेलं हे कृष्णधवल नाट्य. नायक संगीतकार फ्रेडरिक डीलियस, इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमधल्या लोकर व्यापाऱ्याचा मुलगा, मुक्काम फ्रान्समधलं ग्रे-सुर-ल्वँ हे खेडं. उपदंशाने डोळे गेलेले, हातपाय लुळे, पण डोक्यात संगीत चालूच. स्वभावाने हेकट, तोंडाचा फटकळ. १९२८ साली बावीस वर्षांचा एरिक फेन्बी त्याला पत्र लिहितो: तुमचं अपुरं राहिलेलं मी लिहून घेऊ का? आपल्या सच्चिदानंदबाबांसारखा आदरें लेखकु जाहला म्हण, फक्त इथे ज्ञानेश्वर जरा तिरसट! पोराच्या देवभक्तीचीही तो टर उडवतो.

पहिल्या दिवशी म्हातारा एकाच सुरात काहीतरी बरळतो. त्यातून चाल कुठली काढायची? बिचारा रडकुंडीला येऊन बाहेर पळतो. पुढे मात्र दोघांचं असं जमतं की कुठलं वाद्य, कुठला सूर, किती मात्रा, सगळं भराभर कागदावर उतरत जातं. ते बघताना अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू.

पण माझी नजर सारखी डीलियसच्या बायकोकडे, येल्काकडे जात होती. मॉरीन प्रायरने तिचं काम केलंय. येल्का रोझेन स्वतः चित्रकार. ग्रेचं ते घर तिने १८९७ मध्ये आईच्या मदतीने विकत घेतलं, म्हणजे डीलियस राहिला तो तिच्या घरात. लग्न १९०३ साली. त्याच्या बाहेरच्या भानगडी तिला ठाऊक होत्या, दुखणंही त्यातलंच. त्याला वाचून दाखवणं, त्याची उठबस, पाहुणे, सगळं तिच्या गळ्यात. फेन्बी यायच्या आधी थोडंफार लिहून घेतलं तेही तिनेच. कुंचला कधी बाजूला पडला ते तिलाही सांगता आलं नसतं, असं तो चेहरा बघून वाटतं. फेन्बीचे हाल बघून आपण हळहळतो, पण त्याला बॅग भरून घरी जायची सोय होती. येल्का कुठे जाणार? घर तर तिचंच!

तरी तिला नुसती सोशीक बायको म्हणायला मन धजत नाही. तिला ते संगीत खरोखर कळत होतं, हवं होतं. इथेच तुझं म्हणणं अर्धं पटतं आणि अर्ध्याचा राग येतो.

नाट्यात नसलेलं एक नंतर वाचलं. डीलियस १९३४ मध्ये गेला आणि पुढच्या वर्षी त्याला इंग्लंडमध्ये लिम्प्सफील्डला पुन्हा पुरलं. त्यासाठी आजारी येल्का समुद्र ओलांडून आली, पण दफनाच्या वेळी इस्पितळात होती. दोनच दिवसांनी तीही गेली. कबर एकच.

फार रडवेलं झालं का पत्र? मग डीलियसचा संगीतकार मित्र पर्सी ग्रेंजर, त्याच्यासाठी तरी बघ. हा बाबा घरावरून पलीकडे चेंडू फेकतो आणि घरातून धावत जाऊन तो पडायच्या आत झेलतो. मी तेवढं तीनदा मागे नेऊन बघितलं. बघून झालं की लिही, आणि या वेळी चार ओळींत गुंडाळू नकोस.

तुझीच,
शमा