ताई, त्या फॉइलसाठी आणि बाकी सगळ्यासाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

प्रबंध गेल्या आठवड्यात जमा केला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, पण ते पान गाइड आणि परीक्षक सोडले तर कोण उघडतं? शिवाय तुम्ही जे शिकवलंत ते या विषयात नव्याने येणाऱ्या कुणाच्याही कामी येईल, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

ज्यांना विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उत्तर चीनच्या ऑर्डोस खोऱ्यात यानचांग नावाचा भाग आहे. चीनच्या मुख्य भूमीवरची पहिली आधुनिक तेलविहीर तिथेच, 1907 सालची. पण त्या ट्रायासिक वालुकाश्मातलं बरंचसं तेल अजूनही जागचं हललेलं नाही, कारण दगड भलताच घट्ट. पर्मिएबिलिटी, म्हणजे दगडातून द्रव वाहू देण्याची क्षमता, एक मिलिडार्सी या मापाच्याही खाली. पाणी दाबून तेल ढकलावं तर पाणीच आत शिरायला तयार नसतं. छिद्रांची तोंडं बारीक आणि त्यात चिकणमाती फुगून बसते. मुळात तो कोरडा, पाण्याची मारामार असलेला प्रदेश. जवळच्या कोळसा-रसायन कारखान्यांतून कार्बन डायऑक्साइड मात्र आयता मिळतो. म्हणून पाण्याऐवजी तोच दगडात दाबून तेल काढायचं, हा माझा विषय.

31 अंश सेल्सिअस आणि साधारण 74 बार यांच्या वर हा वायू धड वायूही राहत नाही आणि द्रवही नाही. दाटपणा द्रवाकडे झुकणारा, वाहणं वायूसारखं. तेलात विरघळला की तेल फुगतं, पातळ होतं. दाब पुरेसा असेल तर दोघं पूर्ण एकजीव होतात. ऑर्डोसची अडचण अशी की थरांचा मूळ दाबच कमी, त्यामुळे तिथवर पोचणं अवघड.

एवढं कुठल्याही पुस्तकात सापडतं. तुम्ही सुरुवात केलीत ती फॉइलपासून. कोअर होल्डरच्या, म्हणजे दगडाचा नमुना दाबाखाली धरणाऱ्या नळकांड्याच्या, रबरी स्लीव्हमध्ये कार्बन डायऑक्साइड मुरतो, दाब झटकन उतरवला की रबराला फोड येतात आणि पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. म्हणून दीड इंच व्यासाचा तो करडा दगड आधी टेफ्लॉन टेपमध्ये, मग ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळायचा, कडेला सुरकुती राहता कामा नये, आणि शेवटी व्हॉल्व्ह इतका हळू सोडायचा की काटा हलतोय की नाही असा संशय यावा. हे कुठल्याच पेपरात लिहिलेलं नसतं. प्रयोग फसलेले लोक पेपर लिहीत नाहीत, असं तुम्ही म्हणाला होतात.

मग त्या बाटल्या. बाहेर येणारं तेल क्रमाने भरून ट्यूबलाइटसमोर रांगेत लावलंत. पहिली काळीशार, पुढच्या उजळत गेलेल्या, शेवटची चहाच्या रंगाची. वायू हलके घटक सोबत घेऊन निघतो, जड माल दगडातच राहतो, कधी अस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखा घट्ट साका, होऊन छिद्रंच बुजवतो. मी टक्केवारी मांडत होतो आणि तुम्ही विचारलंत, "पण हे कुठल्या छिद्रांतलं?"

त्या एका प्रश्नावर माझा अर्धा प्रबंध उभा आहे. न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्समध्ये (द्रव कुठल्या आकाराच्या छिद्रांत आहे ते चुंबकाच्या मदतीने दाखवणाऱ्या तपासणीत) दिसलं की तेल मुख्यतः मोठ्या छिद्रांतून आलंय, बारीक छिद्रं जवळपास भरलेलीच. दगडात भेग असेल तर आणखी पंचाईत, गल्ल्या सोडून बायपास धरावा तसा वायू सरळ निघून जातो. म्हणून एकाच विहिरीत वायू भरायचा, ती काही काळ बंद ठेवायची, त्याला दगडात मुरू द्यायचं आणि मग तेल काढायचं. या पद्धतीकडे तुम्हीच वळवलंत. वर तंबीही दिलीत की दीड इंचाच्या दगडातला टक्का विहिरीला चिकटवू नकोस. ती मी शेवटच्या प्रकरणात पाळली आहे.

प्रस्तावनेतल्या 'हरित तेल' या शब्दांवर तुमची पेन्सिल फिरली तेव्हा मला राग आला होता, खरं सांगतो. एक टन तेल जाळलं की तीन टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तेव्हा जमिनीखाली किती राहिला आणि तेल किती निघालं, दोन्ही आकडे शेजारी ठेव, म्हणालात. शांतोंगमधल्या चिलू-शंगली प्रकल्पाची बातमी आता मी तशीच वाचतो. 2022 पासून तिथे वर्षाला दहा लाख टन वायू पकडायची सोय आहे, ही चांगलीच गोष्ट, पण तो भरून तेल किती निघालं हा पुढचा आकडाही पाहायचा. आपल्याकडे कोयली रिफायनरीचा वायू भरूचजवळच्या गंधार तेलक्षेत्रात नेण्यासाठी ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांचा 2019 मध्ये करार झाला, त्याचंही तेच.

तुम्ही माझ्या गाइड नव्हता, माझं काम तुमच्या कामात धरलं जात नव्हतं. तरी संध्याकाळी लॅबची किल्ली देण्याआधी तुम्ही माझे आलेख पाहायचात. मनापासून आभार, ताई.

एक शंका उरलीच आहे. विहीर जास्त वेळ बंद ठेवली तर बारीक छिद्रांतून निघणारं तेल वाढतं, पण अस्फाल्टीनही वाढतं. थांबायचं कुठे, हे मला अजून नीट बसवता आलेलं नाही. रविवारी फोन केला तर चालेल का?

तुमचा,
लॅबमधला शेवटच्या टेबलावरचा