तिथीची पाऊणपट

हेदवी,
मार्गशीर्ष वद्य चतुर्थी

प्रिय मंदे,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तराला आज मुहूर्त लागला. रागाव हवं तर, पण आधी हे वाच. पौर्णिमेला इथे समुद्रावर जे ऐकलं ते सांगायला घरात माणूस नाही. ह्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "जेवणाचे पैसे दिले ना त्यांनी? मग झालं."

मुंबईची काही मंडळी इथे पुळणीवर 'ध्यान मैफल' करायला आली होती. राहायला, जेवायला माझ्याकडे, अकरा जण. दोन व्हायोलिनं, एक व्हिओला (जरा मोठं व्हायोलिन), एक चेलो (त्याहून खूप मोठं, खाली टेकवून वाजवायचं), म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली ठरलेली चौकडी. शिवाय हँडपॅन आणि दुदुक ही दोन परदेशी वाद्यं (त्यांचं पुढे सांगते) आणि आपला तानपुरा. तानपुरा मिरजेचाच. खोळ काढल्याबरोबर मी भोपळ्यावरून हात फिरवला, तेव्हा तो वाजवणारी मुलगी जरा दचकली.

ऑक्टोबरात जागा बघायला आली होती तेव्हाच मामंजींनी त्यांना विचारलं होतं, "पौर्णिमा कशाला? अष्टमीला ठेवा." ती मंडळी नुसती हसली. मामंजींचं गणित तुला माहीत आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता भरती, ती पण भांगाची, म्हणजे पाणी समोर असतं आणि चटईखाली यायची भीती नसते. पौर्णिमेला सव्वाअकराला, उधाणाची. म्हणजे संध्याकाळी पाणी पार लांब. पण त्यांना चंद्र हवा होता. पत्रकावर समुद्रावर तरंगणारा पूर्ण चंद्र छापलेला होता. आता पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी समुद्रावर कुठून यायचा गं? तो डोंगरामागून वर येतो, आणि पाण्यावर दिसतो तो पहाटे. पण छापून झालं होतं.

दुसरी अडचण दत्तजयंतीची. जन्म तिन्हीसांजेला, आणि वाडीतला कर्णा थेट समुद्राकडे तोंड करून. त्यांच्यातली एक बाई आवाज कमी करा म्हणून सांगायला गेली आणि तोंड बारीक करून परत आली. "देवाचा जन्म काय ह्यांच्यासाठी थांबायचा?" शेवटी मैफल अर्धा तास पुढे ढकलली. पाळणा झाला, सुंठवडा वाटला, आणि तोच सुंठवडा पुड्या बांधून मैफलीच्या लोकांतही फिरला. साठेक माणसं, हातावर सुंठवडा आणि कानावर हेडफोन. आपले गावातले कुत्रे सुद्धा बिचारे एका रांगेत बसून बघत होते.

हेडफोन प्रत्येकाला. उघड्यावर भिंत नाही, छप्पर नाही, आवाज परतून येत नाही. व्हायोलिन चार हातांवर गेलं की विरून जातं. दिवाणखान्यात ऐकायचं संगीत म्हणूनच तर त्याला चेंबर म्हणतात. म्हणून माईक लावून आवाज बिनतारी कानात सोडतात. शेजारच्या काकूंनी पदरावरून हेडफोन चढवला आणि ओरडल्या, "अगोऽऽ, डोक्यातच वाजतंय की!" सगळी पुळण हसली, कारण काकूंना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

सुरुवातीला एक बाई मऊ आवाजात सांगत होत्या, शरीर सैल सोडा, विचार येऊ द्या, जाऊ द्या. मला फक्त एकच विचार आला आणि तो जाईना, की दूध ओट्यावर राहिलं आणि मांजर घरात आहे. ध्यान म्हणून जे काय म्हणतात ते मला त्या अर्ध्या तासात अजिबात लागलं नाही. एक फायदा मात्र कबूल करते. ध्यान म्हटल्यामुळे कुणी मध्ये टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी फोन उजळवला नाही. नुसती मैफल म्हटली असती तर वेफर्सच्या पुड्या फुटल्या असत्या.

आता वाद्यांचं सांगते, त्यासाठीच तर लिहायला बसले. हँडपॅन म्हणजे दोन कढया तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसं पोलादी वाद्य. मांडीवर घेऊन बोटांनी वाजवायचं. वय पंचवीसेक वर्षं, 2000 च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात निघालेलं. त्रिनिदादचे स्टीलचे ड्रम त्याच्या वंशात आहेत आणि, ऐक, आपलं घटमही. आवाज गोड. जरा जास्तच गोड, तिसऱ्या मिनिटाला मला पाकातली पुरी आठवली. शिवाय त्याचे सूर ठोकून ठरवलेले, बदलता येत नाहीत. हे वाद्य पांढरी दोनचं, गंधार, धैवत, निषाद कोमल, म्हणजे आपला आसावरी थाट. त्यामुळे बाकी सगळ्यांनी मुकाट त्याच्या षड्जावर यायचं. एवढंसं वाद्य, पण घरातल्या आजीसारखं, सगळे त्याच्या तालावर.

दुदुक मात्र मी घरी घेऊन आले असते. आर्मेनियाचं वाद्य, जर्दाळूच्या लाकडाचं, रुंद पत्तीचं. सनई खालच्या आवाजात, कुणाला उठवायचं नाही अशा बेतानं बोलली तर कशी बोलेल, तशी. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडेही एक जण वाजवतो आणि दुसरा नुसता एक सूर धरून बसतो, आपल्या सनईला सूर धरणारा असतो तसा. इथे दुसरा माणूस आणलाच नव्हता, ते काम तानपुऱ्याकडे होतं.

चेलोची आणखीच मजा. त्याला खाली लोखंडी टोक असतं, ते जमिनीत रोवून वाजवतात. वाळूत ते खचत चाललं, चेलो वाजवणारी मुलगी त्याच्याबरोबर वाकत चालली. आमच्या धाकट्यानं गोठ्यामागून जांभ्याचा चिरा उचलून आणला. त्याच्या एका भोकात टोक बसवलं, ते हललं नाही. नंतर ती मुलगी म्हणे, असा दगड मुंबईला नेता येईल का.

मंदे, गाण्याच्या बाईंच्या माडीवर तू तानपुरा जुळवायचीस आणि मी कंटाळून खिडकीत बसायचे, आठवतं? खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून न छेडलेला गंधार आपसूक उमटतो, म्हणून तू म्हणायचीस, "थांब, अजून गंधार बोलत नाही." मला तो कधीच ऐकू यायचा नाही. मी हो हो म्हणायचे, लाजेनं. तीस वर्षं मी तुला खोटं सांगितलं असं समज.

तर परवा साधारण साडेसातला हँडपॅनवाला थांबला. त्याला पाणी प्यायचं होतं की तसं ठरलंच होतं, कोण जाणे. तोवर त्याचा कोमल गंधार आणि तानपुऱ्याच्या पोटातला शुद्ध गंधार एकमेकांना टोचत होते, कुठे खुपतंय ते मला कळत नव्हतं एवढंच. तो थांबला आणि मागे फक्त तानपुरा राहिला. मग चेलोवालीनं हळूच एक लांब गज ओढला. आधी सूर किंचित चढा लागला, पेटीवर लागतो तसा. पेटीचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो, अर्ध्या स्वराचा सातवा हिस्सा, एवढासाच. चेलोला पडदे नाहीत. तिनं बोट इतकंसं मागे घेतलं आणि तो सूर जाऊन तानपुऱ्यातल्या गंधारावर बसला. बसला म्हणजे नाहीसाच झाला गं. चेलो वाजतोय की तानपुरा, ते कळेना. मग व्हिओला आला, मग दोन्ही व्हायोलिनं, सगळी त्याच एका जागी. मला गंधार ऐकू आला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी.

मी हेडफोन काढला. काढल्याबरोबर सगळं लहान झालं, पण खरं झालं. डावीकडे दुदुक, समोर चिऱ्यावर चेलो, मागे सुरूच्या बनात वाऱ्याची सळसळ. खारा वारा पडला होता आणि मतलई, जमिनीवरून येणारी, सुटायला लागली होती, ती पाठीवर गार लागत होती. वाडीत दत्ताचं भजन चालू होतं, झांजा तेवढ्या पोचत होत्या. आणि पाणी जवळ आलं होतं. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, डोळे मिटलेले ना. एका मिनिटात सात लाटा मोजल्या मी. गज त्याहून सावकाश चालले होते.

सव्वाआठला पुढची रांग भिजली. किंकाळी फुटली, चटया उचलल्या, हेडफोनच्या पेट्या डोक्यावर घेऊन लोक सुरूंकडे पळाले. मामंजी कट्ट्यावर बसून होते. एक अक्षर बोलले नाहीत. फक्त तंबाखूची चंची उघडली.

जेवणं झाली (मोदक कमी पडले, त्या उंच दुदुकवाल्यानं नऊ खाल्ले) आणि टेम्पोची वाट बघत सगळे उमामहेश्वराच्या देवळाशी बसले होते. चंद्र डोक्यावर आला होता. अकराच्या सुमाराला बामणघळीत पाणी घुसायला लागलं. तुला तो आवाज सांगायला नको. आधी आत कुठेतरी हुंकार, मग धप्प, आणि फवारा वर. चेलोवालीनं विचारलं, हे काय? मी सांगितलं, खडकाची फट आहे, भरती चढली की असं होतं. ती कठड्याला टेकून बसली. दुदुकवालाही आला. तानपुऱ्याची मुलगी खोळ बांधत होती, तिचे हात थांबले. पाऊण तास कुणी बोललं नाही. टेम्पोवाला दोनदा भोंगा वाजवून गेला.

जाताना चेलोवालीनं मामंजींना विचारलं, पुढच्या वेळी कधी ठेवू? ते म्हणाले, "तिथी बघून ये."

आता तुझं. तुझा तानपुरा कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवला आहेस असं तुझी लेक म्हणाली. जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, गेली असेल, तारा गंजल्या असतील. त्या मुलीकडून मिरजेच्या कारागिराचा पत्ता घेऊन ठेवला आहे, सोबत जोडते. दुरुस्त करून घे आणि पौष शुद्ध अष्टमीला त्याच्यासकट ये. सहाला भरती आहे. चिरा अजून पुळणीवर तसाच आहे, तो मी हलवू दिला नाही. माझी पेटी मात्र घरीच राहील.

मांजरानं दूध प्यायलं, हे लिहायचं राहिलं.

तुझी,
शालू