गुरुवारची सुट्टी

प्रिय मन्या,

गणपतीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, दोनदा तुझा फोन नुसता वाजू दिला. रागाव, पण आधी हे वाच. तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच.

गेल्या मंगळवारी रात्री अकराला हिंजवडीहून निघालो. चांदणी चौकात आलो आणि घरी जायला कुठला रस्ता घ्यायचा तेच सुचेना. रोजचा रस्ता, लेका! गाडी कडेला घेतली. इंडिकेटर टकटकत राहिला, स्टिअरिंगवरचे हात उचलवेनात. दहा मिनिटं गेली असतील. घरी बोललो नाही. तुला सांगतोय, कारण तू मला पर्वतीच्या पायथ्याशी नडगी धरून बसलेला पाहिलायस.

तेव्हा पळण्याच्या सरांनी गुरुवार सुट्टीचा ठरवून दिला होता आणि मी चोरून तळजाईवर पळायला जायचो. डिसेंबरची मॅरेथॉन हुकली. तू म्हणालास, "गाढवा, पाय पळताना नाही, झोपेत तयार होतो." त्यावरून महिनाभर अबोला धरला मी. तुझंच खरं होतं, आज कबूल करतो. (बुटांचे चारशे रुपये अजून तुझ्याकडेच आहेत, ते कबूल करायची पाळी तुझी.)

परवा हिशोब मांडला. गेले चार आठवडे सरासरी 62 तास. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय की आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका 35 टक्के अधिक. वाचलं आणि बाबांचा वाकडा झालेला ओठ डोळ्यांपुढे आला.

एवढं बसून काम तरी नीट व्हावं! रात्री एकला लिहिलेला कोड सकाळी पुसतोय. रिलीजच्या आदल्या दिवशी एक साधी अट उलटी लिहिली. टीममधल्या नव्या पोरीने पकडली, तर तिच्यावरच खेकसलो. "सॉरी सर" म्हणाली आणि मान खाली घालून टाइप करत राहिली. चूक माझी होती रे. चांदणी चौकापेक्षा ते जास्त खातंय मला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली, तरी ती मान दिसतेच.

मॅनेजर म्हणतात, हा रिलीज होईपर्यंत ओढ. पुढचा आहेच की! मी सांगून टाकलंय, गुरुवारी घरून काम आणि साडेपाचला लॅपटॉप बंद. संध्याकाळची कॉफी सोडली. सहाला घेतलेल्या कॉफीतलं निम्मं कॅफिन अकराला अंगात असतं, मग झोप कुठली? फोन रात्री स्वयंपाकघरात, पोळ्यांच्या डब्यावर.

काल पहिला गुरुवार. पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलो, दोनदा थांबलो. वर बसल्यावर हात सारखा रिकाम्या खिशाकडे जात होता. अंधारायला लागलं तेव्हा कुठे जायचा थांबला. रात्री सलग सात तास झोपलो.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार, चिंटूला दहावीसाठी शुभेच्छा.

पुढच्या गुरुवारी साडेसहाला पायथ्याशी ये. शेंगदाणे मी आणतो.

तुझा,
बंड्या