घर बाहेर घेताना रोजचा रस्ता कुठनं जातो तेही बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

हल्ली बेळगावात कुठंही जावा, लग्नात नाहीतर हळदीकुंकवात, विषय एकच, तुम्ही प्लॉट कुठं घेतला. शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत एकेका घरात तीन तीन भाऊ आणि त्यांची पोरं, वाटण्या झाल्या की वाट्याला येते एक खोली आणि वरची माडी, मग बाहेर जायचं तर कुठं, तर हिंडलगा, सुळगा, कंग्राळी, येळ्ळूर, पिरनवाडी, मच्छे, हलगा, सगळीकडं लेआऊट पडायलेत. आमच्या घरी पण हीच चर्चा चाललीय म्हणून हे पत्र. लोक गुंठ्याचा दर विचारतात, पाणी विचारतात, बुडाचं म्हणजे नगरविकास प्राधिकरणाचं अ‍ॅप्रूव्हल आहे का विचारतात, ते विचारायलाच पाहिजे, पण तिथनं रोज कामावर आणि शाळेला जायचं कसं हे मात्र इसार देऊन झाल्यावर आठवतं.

जाहिरातीत लिहिलेलं असतं सीबीटीपासून, म्हणजे मुख्य बसस्टँडपासून, १५ मिनिटं. कुठल्या वेळची १५ मिनिटं ते कोणी सांगत नाही. आणि सगळ्यांना सीबीटीला जायचं असतं असं पण नाही, निम्मं वडगाव-अनगोळ कामाला जातं उद्यमबाग आणि मच्छेच्या कारखान्यांत. म्हणून माझं म्हणणं असं की आपल्याकडं किलोमीटर किती यापेक्षा रोज गाव ओलांडायला लागतं का हे आधी बघावं.

मिरज-लोंढा रेल्वेलाईन शहराच्या मधूनच गेलीय. कपिलेश्वरचा ब्रिज झाला, गोगटे सर्कलचा झाला, तिसऱ्या रेल्वे गेटवर पण झाला, त्यानं फरक पडला हे मान्यच, पण ब्रिज उतरला की रस्ता तोच जुना अरुंद, त्यात शनिवारी बाजार. टिळकवाडीत पहिल्या किंवा दुसऱ्या गेटला साडेनऊच्या सुमारास उभं राहून बघा, गेट पडलं की मागनं येणाऱ्या टू-व्हीलर पुढं पुढं सरकत समोरून येणाऱ्यांची बाजू पण भरून टाकतात, पलीकडच्या अंगाला तसंच, आणि गाडी जाऊन गेट उघडलं की दोन्हीकडची माणसं समोरासमोर, कुणालाच हलता येत नाही, रिक्षावाला खाली उतरून हात करून वाट काढतो तोवर पोरांची शाळेची घंटा झालेली असते.

आमच्या जाऊबाईंनी मच्छेला घर घेतलं, भावजींचं काम उद्यमबागेत फौंड्रीत, ते कधीकधी दुपारी घरी येऊन गरम जेवून परत जातात. नणंदेचं घर उचगावच्या बाजूला, घर मोठं, हवा चांगली, अंगणात आंबा आहे, पण दाजींचं काम मच्छेला, ते सकाळी डबा घेऊन बाहेर पडतात ते पूर्ण शहर पार करून रात्रीच परत. दोघांच्या प्लॉटचा दर काढला तर नणंदेचा कितीतरी स्वस्त पडला. उलट खानापूरहून मच्छेला येणारा माणूस अंतर जास्त कापत असेल पण त्याला शहरात शिरावंच लागत नाही, रस्ता पण आता मोठा झालाय, फक्त कार असेल तर गणेबैलचा टोल हिशोबात धरावा. पिरनवाडीच्या नाक्यावर खानापूर आणि जांबोटी दोन्हीकडची गोव्याची वाहनं येऊन मिळतात, तिथं गर्दी असते, पण ती एकाच ठिकाणी.

पैशाचा हिशोब पण नीट मांडून बघावा. समजा लांब घेतल्यामुळं ५ लाख वाचले, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचं कर्ज धरलं तर हप्ता महिन्याला साधारण ४३०० रुपयांनी कमी होतो. आता रोज जाऊन येऊन २४ किलोमीटर जास्त, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे ६०० किलोमीटर, स्कूटर ४५-५० चं अ‍ॅव्हरेज देत असली तरी १२-१३ लिटर, आणि पेट्रोल शंभरच्या वर. घरात नवरा-बायको दोघं कामाला असतील तर दोन गाड्या, म्हणजे इथंच २६०० च्या आसपास गेले, त्यात टायर, सर्व्हिसिंग आणि पोरांची व्हॅन घाला, राहिलं काय? आणि रस्त्यात रोज जो तास-दीड तास जातो तो कशात धरायचा?

बाईमाणसाचा प्रश्न वेगळाच. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली, त्याचा आम्हाला खरंच आधार आहे, पण बस तेवढ्या वाढल्या नाहीत. उचगावकडनं आलेली बस हिंडलग्याला पोचेपर्यंत भरलेली असते, कंडक्टरला मागनं पुढं जाता येत नाही, शून्य तिकीट असलं तरी प्रत्येकीला फाडून द्यावंच लागतं, म्हणून तो बस कडेला थांबवून सगळी तिकिटं पुरी करतो, तोपर्यंत कॉलेजची पोरं दारात लोंबकळत. मुलगी आरपीडी नाहीतर जीएसएस कॉलेजला असेल आणि संध्याकाळी क्लास असेल तर परतीची बस किती वाजता आणि फाट्यावर उतरून घरापर्यंत दिवे आहेत का हे स्वतः जाऊन बघावं, प्लॉट दाखवणारा माणूस आपल्याला भर दुपारी कारमधून नेतो. माझ्या सासूबाईंना मराठीच वाचता येतं, बसवरचा बोर्ड कन्नडमध्ये, त्या प्रत्येक बसला हात करून विचारतात, ही सुळग्याला जाते का रे बाळा? बोर्डावर खाली मराठीत गावाचं नाव लिहिलं तर कुणाचं काय जातं?

आणि एकदा पावसात जाऊन बघा. ऑगस्ट २०१९ सारखा पाऊस दरवर्षी होत नाही, पण बळ्ळारी नाल्याचं आणि मार्कंडेयचं पाणी कुठवर चढतं ते आजूबाजूचे शेतकरी बोट दाखवून सांगतात. पुढं ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागचा दिवा नसताना चाललेले असतात, आणि विधिमंडळाचं अधिवेशन असलं की ते जिथं भरतं त्या सुवर्णसौधच्या बाजूला हलगा-बस्तवाडकडं बंदोबस्त आणि वाहनं वळवलेली.

हलगा-मच्छे बायपासच्या भरवशावर तर कुणी घर घेऊ नये. त्या रस्त्यात आमच्या वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांची बासमती पिकवणारी जमीन गेलीय, लोक वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करतायत, आणि तीच पट्टी दाखवून कुणीतरी "बायपास टच" म्हणून प्लॉट विकतो हे बघून जीव जळतो.

परिवहन खात्याला एक विनंती आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक बस आधी सीबीटीलाच जातात, मग तिथनं दुसरी पकडायची. हिंडलगा, गणेशपूरकडनं कॅम्प आणि काँग्रेस रोडवरून सरळ उद्यमबाग-मच्छेला सकाळी शिफ्टच्या वेळेला आणि संध्याकाळी सुटायच्या वेळेला थेट बस सोडा, तसंच येळ्ळूर-धामणेच्या बाजूला पण. आणि नवीन लेआऊटला मंजुरी देताना गटार, दिवे बघता तसं बसथांबा कुठं आणि शेवटची बस किती वाजता हे पण कागदावर लिहून घ्या.

आपली,
एक गृहिणी, वडगाव, बेळगाव