एका तासाचं नाटक आणि एका बैठकीची गोष्ट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत स्पॅनिश कथेवर लेख आला होता, आवडला, पण वाचून झाल्यावर राहवेना म्हणून लिहितेय. लेखात सगळं लॅटिन अमेरिकेपासून सुरू होतं आणि जादुई वास्तववादावर संपतं, आणि त्याच पानावर खालच्या चौकटीत झारझुएलाला, म्हणजे स्पेनच्या संगीत नाटकाला, "हलकीफुलकी गाणी" म्हणून दोन ओळीत उडवून लावलंय. अहो, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी माद्रिदमध्ये ही छोटी नाटकं आणि छोटी कथा सख्ख्या शेजारणींसारख्या एकत्रच वाढल्या, एकीला सोडून दुसरी कशी कळणार?

झालं असं की १८६०च्या दशकाच्या शेवटी तिथे पैशाची प्रचंड चणचण होती, पूर्ण रात्रीच्या नाटकाचं तिकीट लोकांना परवडेना. तेव्हा काही नटांनीच डोकं चालवलं की एकेका तासाचे छोटे खेळ करायचे, एका रात्रीत चार, आणि प्रत्येक खेळाचं तिकीट वेगळं आणि स्वस्त. त्यातून जे एकअंकी संगीत नाटक रुजलं त्याला तिथे हेनेरो चिको म्हणतात, म्हणजे छोटा प्रकार. माद्रिदच्या अपोलो थिएटरचा रात्रीचा चौथा खेळ तर इतका गाजायचा की "अपोलोचा चौथा" एवढंच म्हटलं तरी लोकांना कळायचं.

आता त्या नटनट्यांचा विचार करा. ह्यातले कितीतरी जण आधी नट आणि मग गायक, ऑपेराचा गळा नसलेले, पण मधले गद्य संवाद आणि गाणं एकाच दमात पेलणारे. १८८६ च्या ला ग्रान बिया ह्या नाटकात तर त्यांनी माद्रिदचे रस्ते आणि चौक बनून स्टेजवर यायचं होतं, म्हणजे माणूस नाही, गल्ली! एक तासात हे सगळं प्रेक्षकाला पटवायचं, ओळख करून द्यायला वेळच नाही. १८९४ चं ला बेर्बेना दे ला पालोमा घ्या. त्यातला हुलियान हा छापखान्यातला कंपॉझिटर, खिळे जुळवणारा पोरगा, आणि त्याची सुसाना जत्रेला निघालीय ती एका म्हाताऱ्या औषधवाल्याबरोबर. हुलियान विचारतो ही शाल घेऊन कुठे निघालीस, आणि ती सरळ सांगते की मिरवायला. मी एका रेकॉर्डिंगमध्ये बघितलं, तो नट तिथे आवाज अजिबात चढवत नाही, आधी शालीकडे बघतो, मग तिच्याकडे, आणि ते प्रश्न जवळजवळ बोलल्यासारखे गातो. मत्सर, प्रेम, अपमान सगळं त्या चार ओळीत. ह्याला हलकंफुलकं म्हणणाऱ्याने तो प्रसंग एकदा नीट ऐकावा अशी माझी मनापासून विनंती आहे.

आणि कथेचंही अगदी हेच. त्या काळात स्पॅनिश कथा पुस्तकाच्या आधी वर्तमानपत्रात यायची, जागा मोजकी, वाचक घाईत. एमिलिया पार्दो बासान ह्या बाईंनी सुमारे ६०० कथा लिहिल्या, त्यातल्या बहुतेक पेपर-मासिकांसाठी. लिओपोल्दो आलास, टोपणनाव क्लारीन म्हणजे बिगुल, ह्यांची आदियोस कोर्देरा ही कथा पण १८९२ मध्ये माद्रिदच्या पेपरात आली. कोर्देरा नावाची एक गाय, रोसा आणि पिनीन ही जुळी भावंडं आणि कुरणातला टेलिग्राफच्या तारेचा खांब, बस एवढंच सामान. गाय आगगाडीतून कत्तलखान्याकडे जाते, पुढे पिनीन त्याच आगगाडीने युद्धावर जातो. रोसा पहिल्यापासून खांबाच्या लाकडाला कान लावून तारेचा आवाज ऐकत असते, आणि शेवटी डोकं टेकते तेही त्याच खांबाला. मी दरवेळी तिथे थांबते, पुढे वाचवत नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की पुरवणीत दर महिन्याला अशी एखादी जुनी कथा द्या, थेट स्पॅनिशवरून केलेली, इंग्रजीवरून नको कारण बोलीतला ताल तिथेच अर्धा गळतो, आणि अनुवादकाचं नाव कथेइतकंच ठळक छापा. क्लारीन १९०१ मध्ये गेले आणि पार्दो बासान १९२१ मध्ये, त्यामुळे मूळ कथांच्या हक्कांची अडचण येऊ नये. शक्य असेल तर त्या कथा गाणाऱ्या नटांकडून वाचून घ्या आणि वेबसाइटवर टाका, ज्यांना बोलण्यातून गाण्यात जाता येतं त्यांना कथेत कुठे थांबायचं ते बरोबर कळतं.

कोर्देराचा अनुवाद मी स्वतः करतेय, सोबत पहिली चार पानं जोडलीत. फक्त खांबातून येणाऱ्या त्या आवाजाला शब्द मिळत नाहीये, आधी "गुणगुण" लिहिलं, मग "घोंघाव" करून बघितलं, दोन्ही मनाला पटत नाहीत, वाचकांपैकी कोणाला सुचला तर जरूर कळवा.

आपली नम्र,
एक नियमित वाचक