कल विचारायचा तर सहावी-सातवीत विचारा

मा. संपादक,

राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली. हेतू चांगला होता, पण दहावी येईपर्यंत बहुतेक घरांत शाखा ठरून गेलेली असते. शिवाय त्या चाचणीत आरोग्य व जैविक विज्ञान एका रकान्यात होते आणि तांत्रिक क्षेत्र दुसऱ्या. आज विज्ञानातले कितीतरी काम नेमके या दोन रकान्यांच्या मधे चालते. २०२४चे रसायनशास्त्राचे नोबेल संगणकाच्या मदतीने प्रथिनांची रचना ओळखणाऱ्या आणि नवी प्रथिने घडवणाऱ्या तिघांना मिळाले. आमच्या तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही अवकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना खोडद आणि आसपासच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या जे टिपतात त्याचे चित्र संगणकाशिवाय तयारच होत नाही. अशा कामाची ओढ असलेल्या मुलीने कोणत्या रकान्यात खूण करायची?

अमेरिकेत १९८८ साली आठवीत असलेल्या मुलांचा पुढे बारा वर्षे मागोवा घेतला गेला. भौतिक विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी मिळवण्यात, गणितात सरासरी पण विज्ञानात जायचे म्हणणारी मुले, गणितात हुशार पण तसे न म्हणणाऱ्यांपेक्षा पुढे होती. म्हणून हा प्रश्न लवकर विचारायला हवा.

आणि नीट विचारायला हवा. ‘संगणक आवडतो का?’ म्हटले की माझ्या वर्गात सगळे हात वर होतात. मुलांच्या मनात तेव्हा मोबाइलवरचा गेम असतो. त्याऐवजी कामाबद्दल विचारावे. गावच्या पावसाच्या जुन्या नोंदी हाती दिल्या तर त्यांतून काही शोधून काढायला आवडेल का? प्रोग्राम चालला नाही तर चूक शोधत बसाल का? असे काम करणारे कोणी तुम्हाला माहीत आहे का? आवड, ‘मला जमेल’ हा विश्वास आणि माहिती या तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजायला हव्यात. माझ्या वर्गातल्या अनेक मुलींना आवड भरपूर आहे, कमी पडतो तो विश्वास. एकाच आकड्यात हे सगळे मिसळले तर उपाय चुकीच्या जागी होणार.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदच्या प्रदर्शनाला शाळाशाळांतून मुले जातात. जाण्यापूर्वी आणि काही महिन्यांनी हेच प्रश्न पुन्हा विचारले, तर सहलीचा उत्साह किती टिकला तेही कळेल. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने सहावी ते आठवीसाठी एवढे तरी सुरू करावे. उत्तरपत्रिकेवर नाव नको आणि गुण तर मुळीच नकोत. नाव लिहायला लावले की मुले बाईंना आवडेल तेच उत्तर देतात.

– एक विज्ञान शिक्षिका, ता. जुन्नर, जि. पुणे